आबा आले की पेटी अडते

यंत्र बिघडलं की माणसं आधी त्याला थाप मारून बघतात, मग बंद करून पुन्हा चालू करतात, आणि एवढ्यावर भागलं नाही की घरातल्या शिकलेल्या सुनेला हाक मारतात. चौगल्यांच्या गुऱ्हाळावर त्या सकाळी हे तिन्ही प्रकार झाले होते. केतकी कढईतले पोहे सासूच्या हवाली करून, पायाला सापडतील त्या चपला घालून पळत आली, तोवर रस उकळायची काहील चुलीवरून उतरून गेली होती. निवण्यासाठी वाफ्यात ओतलेला गूळ खरं तर पिवळाधमक दिसायला हवा. तो उकळून उकळून राहिलेल्या चहाच्या रंगाचा झाला होता.

"गेली," सर्जेराव म्हणाले. कानातली गोळीएवढी पेटीची बोंडी त्यांनी काढून तळहातावर धरली होती. "पुन्यांदा गेली."

"गेली कशाला म्हणताय आबा, सावळी झाली म्हणा की," चुलवाणात उसाची चिपाडं सारत दस्तगीर म्हणाला. गुऱ्हाळाचा जाळ सांभाळणं हे त्याचं काम, आणि सर्जेरावांची चेष्टा करणं हा त्याचा हक्क. दोन्ही त्यानं बापाकडून घेतली होती.

"तू जाळ बघ," सर्जेराव म्हणाले, आणि सुनेकडं वळले. "पोरी, सूर मागं पडतोय बघ. आधी कसा वासाच्या अंगाला अंग लावून चालायचा! आता मधीच गप हुतोय, आन् मग एकदम उडी मारून वर जातोय. तवर रस पुढं गेलेला असतोय."

केतकीनं पेटीकडं पाहिलं. खांबाला टांगलेल्या त्या पत्र्याच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, जणू त्याला कशाशी काही देणंघेणंच नाही. तिला त्याचा असा राग आला की पहिला प्रकार, म्हणजे थाप मारण्याचा, तिनं पुन्हा एकदा करून घेतला.

आता ही पेटी काय होती ते सांगायला हवं.

पन्हाळ्याच्या अंगाला खडकेवाडा गाव, आणि सर्जेराव चौगले म्हणजे त्या पट्ट्यातले नावाजलेले गुळवे. काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या. क्षणभर लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. तापमापक लावून बघितले लोकांनी, पण एका रानातला ऊस खारवट जमिनीतला, दुसऱ्यातला माळाचा. एकाचा पाक ज्या आकड्याला होतो त्या आकड्याला दुसऱ्याचा कोळसा. थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघायची रीतही आहेच, पण गोळी वळली हे कळेपर्यंत हातात फार थोडा वेळ उरतो. सर्जेरावांना ते त्याआधी कळायचं, वासावरून. काहिलीपासून दहा हात लांब, पाठ करून तंबाखू मळत उभे असायचे आणि एकदम ओरडायचे, "उतरवा!" कधी चूक नाही.

मग एका हिवाळ्यात तापाची साथ आली. गावातल्या बऱ्याच जणांना ताप आला आणि गेला. सर्जेरावांचा ताप जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. तो आला नाही. दोन हंगाम हा माणूस परड्यातल्या खाटेवर बसून राहिला. कुणी विचारलं तर मान हलवायची, वाढलं तर जेवायचं. संग्रामशी लग्न होऊन केतकी या घरात आली ती त्याच दिवसांत, त्यामुळं आपले सासरे मुळातच अबोल आहेत अशीच तिची समजूत होती.

पेटी तिनंच आणली. तोवर वास ओळखणारी यंत्रं दवाखान्यांत आणि विमानतळांवर रुळली होती. आपल्या नाकात वास पकडणारी प्रथिनं असतात, त्यांचे चारशेच्या आसपास प्रकार. शास्त्रज्ञांनी तीच प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून एका नखाएवढ्या चकतीवर ओळीनं बसवली. हवेतला एखादा वासाचा कण येऊन चिकटला की त्या त्या जागी विजेचा बारीकसा फरक पडतो. कुठं पडला, कुठं नाही, याची मिळून एक नक्षी होते. ती नक्षी म्हणजे त्या वासाच्या अंगठ्याचा ठसा. चांगल्या काहिलीच्या आणि बिघडलेल्या काहिलीच्या अशा नक्ष्या साठवत गेलं की यंत्र शिकतं. केतकीनं त्यात एक स्वतःची भर घातली. यंत्रानं "आता उतरवा" असं सांगायचं नाही. त्यानं वासाचा सूर करून आबांच्या कानात सोडायचा. कच्चा रस खर्जात, पाक जवळ येईल तसा सूर वर. उतरवायचं कधी ते आबांनीच ठरवायचं.

गेला सगळा हंगाम दोघं नुसती शिकत होती, पेटी आणि आबा. आणि यंदा जमलं होतं. हंगामाच्या सुरुवातीच्या काहिली अशा उतरल्या की शेजारच्या गावचे लोक गूळ हातात घेऊन उन्हात धरून बघत होते. सर्जेरावांना कानानं वास येऊ लागला होता! खाटेवरचा माणूस उठून काहिलीशी उभा राहिला, मिशीला पीळ बसला, आवाज चढला. केतकीला तर नवा सासरा मिळाल्यासारखं झालं होतं.

आणि आता हे.

तिनं खांबाशी पाट टाकला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पेटीच्या पोटात शिरली. पोटात एक साधाच लिनक्सवरचा संगणक होता. मेंदूवर ताण आहे का बघितलं. प्रोसेसर आरामात होता. आराम कसला, तो वाट बघत बसला होता. आकडे स्पष्ट सांगत होते की सगळं डिस्कपाशी अडतंय. एरवी क्षणात व्हायचं ते लिहिणं मधूनच असं तुंबत होतं की मागची सगळी कामं हात बांधून उभी.

"काय झालंय त्येला?" संग्रामनं विचारलं. तो उसाची ट्रॉली रिकामी करून घाम पुसत आला होता.

"कारखान्यावरचा वजनकाटा आठव," केतकी म्हणाली. "गाड्या आल्या की आधी आवारात उभ्या राहतात, मग एकेक करून काट्यावर जातात. संगणकाचं तसंच. लिहायचं सगळं आधी मेमरीच्या आवारात ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर चढवतो. म्हणून भरभर चालतं. पण कुणी उठून म्हणालं, की आवार आत्ताच्या आत्ता मोकळं करा, शेवटची गाडी मोजून होईपर्यंत नवी आत घ्यायची नाही, तर?"

"तर रस्त्यावर मैलभर रांग."

"तेच होतंय. आबांचा सूर त्या रांगेत अडकतोय."

"आन् आवार मोकळं करा म्हणतंय कोण?"

"ते कळलं असतं तर पोहे खाल्ले नसते का मी?"

मग सुरू झाली झाडाझडती. डिस्क भरली आहे का? अर्धीही भरली नव्हती. डिस्क मरायला टेकली आहे का? तिची तब्येत ठणठणीत. केबल बदलली. चुलवाणाच्या धगीनं तापते की काय म्हणून पेटी दुसऱ्या खांबावर नेली. प्रत्येक फाईल वाचली की त्याचीही नोंद करायची संगणकाला खोड असते, ती बंद केली. पुसून टाकलेल्या जागा डिस्कला मोकळ्या करून दाखवल्या. प्रत्येक उपायानं लिहिणं थोडं थोडं सुधारलं आणि तुंबणं तसंच राहिलं. लिहिणारी आज्ञावली कुठली ते दिसत होतं, ती नाकाचीच. पण ती तर दिवसभर लिहीतच असते. कंपनीनं बांधून दिलेली, तिच्या आत हात घालायची सोय नव्हती.

पेटी घरी नेऊन स्वयंपाकघरात लावली तर ती हरणासारखी पळत होती! फोडणीचा वाससुद्धा सुरात गाऊन दाखवला तिनं. परत गुऱ्हाळावर आणली की अडलीच.

मध्ये सर्जेराव एका लग्नाला गडहिंग्लजला गेले. त्या दिवशी बोंडी संग्रामनं कानात घातली. काहिली उतरल्या, गूळ झकास, पेटी एकदाही अडली नाही. संध्याकाळी आबा फेटा सोडत गुऱ्हाळावर डोकावले तेव्हा दस्तगीरला राहवलं नाही.

"आबा, कोडं सुटलं. पेटीला तुमचा वचक हाय. सासरा आला की ती डोक्यावर पदर घेऊन गप बसतीया."

सगळे हसले. सर्जेरावही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः काहिलीशी उभे राहिले आणि ऐन पाकाच्या वेळी सूर थांबला. काहील गेली. त्यांनी बोंडी काढली, पंच्याच्या टोकानं पुसली आणि संग्रामच्या हातात दिली.

"उद्यापास्नं तू हुबा ऱ्हा."

"आबा, बिघाड हाय त्यो. केतकी बघतीया न्हवं."

"बिघाड काय माझ्यापुरताच येतोय व्हय? यंत्राला मी नको, तर नको. सूर कुणाच्याबी कानात गेला तरी सूरच हाय." आणि कुणाकडं न बघता ते घराच्या वाटेला लागले.

केतकी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. त्या खाटेवरचा माणूस तिनं पाहिला होता, आणि तिला तो परत नको होता. गुळाचं काय, गूळ संग्रामही काढेल. पण आबा एकदा खाटेवर बसले की पुन्हा उठायचे नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

रात्रभर तिनं त्याचाच विचार केला असं म्हणायला हरकत नव्हती, पण खरं सांगायचं तर ती दमून गाढ झोपली आणि सकाळी दात घासताना तिला सुचलं. बिघाड शोधायची एकच रीत आहे: एकेक गोष्ट बदलायची आणि बघायचं. तिनं डिस्क तपासून पाहिली, जागा बदलून पाहिली, केबल बदलून पाहिली. बदलायचे राहिले होते ते एकटे आबा. दस्तगीर चेष्टेत बोलला होता, पण बोलला होता ते खरंच होतं.

दुपारी ती पेटी घेऊन परड्यात गेली. सर्जेराव खाटेवर बसले होते. शेजारी गाभण म्हैस रवंथ करत उभी, आणि सासूबाई, म्हणजे आत्या, तिच्यापुढं वैरण टाकत होत्या. केतकीनं एका पालथ्या बुट्टीवर पेटी ठेवली, बाजूला छोट्या शेगडीवर पातेलीभर काकवी तापत ठेवली आणि लॅपटॉप उघडला. आबांच्या कानात जायचा तो सूर तिनं सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"हे काय आता?" सर्जेरावांनी विचारलं.

"तुमची तपासणी."

"माझी? बिघडलंय त्ये का मी?"

"तेच बघायचंय. हातातलं कडं काढा आबा. चांदीचंच आहे ना? लोहचुंबक-बिंबक नाही ना त्यात?"

सर्जेरावांनी गुमान कडं काढून दिलं. सूर सरळ चालू. मग खिशातला फोन लांब ठेवायला लावला. मग घड्याळ. मग चष्मा, कारण त्याच्या काडीत फोन ऐकायचं यंत्र होतं. सूर चालूच, पेटीचा दिवा लुकलुकतोय, डिस्कवर सगळं सुरळीत.

"आता लेंगा तेवढा ऱ्हायलाय," आत्या म्हणाल्या. "त्योबी काढायला लावतीस का काय ग?"

"गप ए!" सर्जेराव गुरगुरले. पण त्यांच्या मिशीखाली जरा हललं. केतकीनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

"ह्या म्हशीचं काय खरं दिसंना," आत्या विषय बदलत म्हणाल्या. "हा आठवडा जातोय बघा तिचा."

"आठवडा कशाला जातोय? कास बघ की कशी उतरलीया! लिहून ठेव, उद्या दिस मावळायच्या आत वेणार."

सूर थांबला.

पेटीवरचा दिवा लुकलुकायचा थांबून एकटक पेटला. लॅपटॉपवरचे आकडे भराभर चढले आणि डिस्कवरचं लिहिणं तुंबलं. काकवी उतू जायला लागली तरी केतकीचं लक्ष नव्हतं.

"आबा, परत म्हणा."

"काय?"

"आत्ता काय म्हणालात?"

"म्हस उद्या वेणार म्हटलं."

सूर एव्हाना पुन्हा सुरू झाला होता. काही झालं नाही.

"त्याच्या आधी! त्याच्या आधी काय म्हणालात?"

"आता ग बया," सर्जेराव बायकोकडं बघत म्हणाले, "खुळी झाली का ही पोरगी? लिहून ठेव म्हटलं, आनि काय!"

दिवा परत एकटक. सूर बंद.

केतकीनं कपाळावर हात मारून घेतला. मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की ती बुट्टीला धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आत्या घाबरून तांब्या घेऊन आल्या.

चूक तिचीच होती, आणि अशी चूक मराठी घरातच होऊ शकते. गूळ उतरला की तो कसा झाला ते पेटीला सांगावं लागतं, आणि पेटीनं तोवरचं सगळं शिक्षण एकदम डिस्कवर पक्कं करायचं असतं, नाहीतर वीज गेली की मेहनत पाण्यात. बटण दाबायचं तर गुऱ्हाळावर प्रत्येकाचे हात चिकट. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तिनं तोंडी हुकुमाची सोय केली होती. कंपनीनं हुकूम दिला होता "जतन करा". पण दस्तगीरच्या तोंडून तो "जातो घरा" असा यायचा आणि पेटी ढिम्म राहायची. तेव्हा केतकीनं सोपा, रोजचा, कुणालाही उच्चारता येईल असा शब्द शोधून घातला होता: "लिहून ठेव". हुकूम ऐकला की पेटी पिकपिक करायची, त्यानं आबांच्या सुरात खंड पडतो म्हणून ती पिकपिकही तिनंच बंद केली होती!

"म्हंजे मी बोललो की ती समदं काम टाकून लिहीत बसतीया?" सर्जेरावांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून शिकलेलं सगळं, पुन्हा पहिल्यापासून. आणि ते संपेपर्यंत दुसरं काही नाही."

"अगं, ह्यांचं तर वाक्यच त्याच्याबिगार सुरू हुत न्हाई," आत्या म्हणाल्या. "लग्नाआधी मला बघायला आले तवाबी मामांस्नी म्हणाले हुते, लिहून ठेवा, पोरगी हीच करणार!"

"मला कुठं माहीत होतं?" केतकी म्हणाली. "मी आले तेव्हापासून आबा बोलतच नव्हते."

ती बोलून गेली आणि मग तिला त्याचा अर्थ कळला. सुरुवातीला पेटी छान चालली, कारण आबा गप्प होते. सूर जुळला, काहिली साधल्या, तसा त्यांना धीर आला, आणि धीर आला तशी जुनी बढाई तोंडात परत आली. लिहून ठेव, हा ऊस गोड निघणार. लिहून ठेव, ह्या काहिलीला तोड नाही. माणूस जितका बरा होत गेला तितकी पेटी अडत गेली.

तिनं हे सगळं सांगितलं. सर्जेराव खाली मान घालून ऐकत होते. तिला वाटलं ते हसतील.

"एवढंच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग मी तोंडाला कुलूप लावतो."

आणि लावलं. दुसऱ्या दिवशी ते गुऱ्हाळावर आले, बोंडी कानात घातली आणि ओठ मिटून काहिलीशी उभे राहिले. चुकून शब्द निसटू नये म्हणून त्यांनी काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. उतरवायची वेळ आली की नुसता हात वर करायचे. पेटी एकदाही अडली नाही. गूळ सोन्यासारखा. पण उतरलेल्या गुळाकडं कुणी धड बघेना.

"आबा, बोला की कायतरी," दस्तगीर शेवटी कळवळून म्हणाला. "चार शिव्या तरी घाला. जाळ बी पेटंना झालाय माझा."

सर्जेरावांनी मान हलवली. ती मान हलवणं केतकीनं ओळखलं. खाटेवर बसून हलवायचे तेच होतं, फक्त उभ्यानं.

"काम तर झालं की तुझं," संग्राम तिला हळूच म्हणाला. "आता तोंड का पाडलंयस?"

"कसलं झालं? पेटी बरी केली आणि आबांना आजारी पाडलं. त्यांनी का बदलायचं? पेटीचा हुकूम बदलते मी."

"कुठला घालणार? दस्तगीरला जमायला पायजे, आन् इथं एरवी कुणाच्या तोंडात यायला नको."

त्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सगळे वाफ्याच्या कडेला भाकरी सोडून बसले तेव्हा केतकीनं प्रश्न मांडला. असा शब्द सांगा, जो या गुऱ्हाळावर कुणी म्हणजे कुणी उच्चारत नाही.

"गप बसा," संग्राम म्हणाला.

"ते तर दिवसातनं शंभरदा म्हणताय तुम्ही एकमेकांना."

"चुकलं माझं," आत्यांनी भाकरी वाढता वाढता सुचवलं आणि नवऱ्याकडं बघितलं. "हे तरी ह्यांच्या तोंडात कधी याचं न्हाई."

सगळे हसले. सर्जेरावांनीही तोंड न उघडता नाकातून फुस्स केलं.

"नको," केतकी म्हणाली, "मी दिवसभर तेच म्हणत असते."

"मग धन्यवाद घाला," दस्तगीर म्हणाला.

मग एकेकाला पटत गेलं. खरंच की! इथं पाणी दिलं की पितात, ताट वाढलं की जेवतात, अडल्याला मदत केली की तो उद्या तुमच्या अडीला धावून येतो. धन्यवाद म्हणायचं ते सभेत, माईकवरून, हार घातल्यावर. घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हटलं तर त्याला वाटेल, ह्याचं बिनसलंय कायतरी.

"आपल्यात कोण कुणाला म्हणतंय?" संग्राम म्हणाला. "घाल ग घाल. बिनधास्त घाल."

केतकीनं तिथंच लॅपटॉप उघडला. जुना हुकूम खोडला, नवा घातला. दस्तगीरनं पेटीपुढं उभं राहून, टोपी सारखी करून, मोठ्यानं म्हणून दाखवलं, "धन्यवाद!" दिवा एकटक पेटला, थोड्या वेळानं पुन्हा लुकलुकू लागला. दस्तगीर स्वतःवरच इतका खूश झाला की कारण नसताना त्यानं आणखी दोनदा म्हटलं.

"आबा, आता तुम्ही तुमचं म्हणा," केतकी म्हणाली.

सर्जेरावांनी भाकरीचा घास गिळला. पेटीकडं संशयानं बघितलं. मग अगदी हळू, आजारी माणसानं पहिलं पाऊल टाकावं तसं म्हणाले, "लिहून ठेव."

दिवा आपला लुकलुकतोय.

"लिहून ठेव!"

लुकलुकतोच आहे.

"लिहून ठेवा रं सगळ्यांनी!" सर्जेराव उठलेच. "आजची काहील अशी उतरवतो का न्हाई बघा, पन्हाळ्यापातूर वास जाईल! दस्तग्या, खातोस काय निस्तं, जाळ कर!"

"ह्याला म्हणत्यात आबा!" दस्तगीर भाकरी हातात घेऊनच चुलवाणाकडं धावला.

ती काहील बघायला बांधावरून जाणारे चार लोकही थांबले होते. रस उकळी धरून वर आला, मळी काढून झाली, फेस बारीक होत गेला. सर्जेराव पाठ करून तंबाखू मळत उभे होते आणि तोंड अखंड चालू होतं. संग्रामचं ट्रॅक्टर चालवणं, दस्तगीरचा जाळ, सरकारचं धोरण, कशालाच त्यांनी सोडलं नाही, आणि प्रत्येक वाक्याला लिहून ठेव. म्हशीचंही निघालं. ती त्या उद्याला व्यालीच नव्हती, तो दिवस टळून ती आज पहाटे व्याली होती. पण आबांचं म्हणणं, दिवस मावळायच्या आतच व्याली की! केतकी पेटीच्या दिव्यावर नजर ठेवून होती. सूर एका लयीत चढत होता.

"उतरवा!"

चौघांनी कड्या धरून काहील उचलली आणि वाफ्यात ओतली. गूळ पसरला. उन्हात तो असा पिवळा दिसत होता की बांधावरचे लोकही जवळ येऊन वाफ्यावर वाकले. संग्रामनं कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि पेटीला सांगितलं, "एक नंबर. धन्यवाद." दिवा एकटक पेटला. त्या काहिलीचा वास, पहिल्या उकळीपासून शेवटपर्यंत, पेटीत पक्का झाला.

मग काहील घासून पालथी घातली. मंडळी हातपाय धुवायला हौदाकडं गेली. केतकी मागं राहून वायरी गुंडाळत होती. सर्जेराव जाता जाता थांबले. कानातली बोंडी त्यांनी काढली, पंच्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली. काहीतरी बोलायचं असावं तसा घसा खाकरला, वाफ्याकडं बघितलं, छपराकडं बघितलं.

"धन्यवाद," ते म्हणाले.

पेटीचा दिवा एकटक पेटला.

"आबा, संग्रामनं मघाशीच पक्कं केलंय ते," केतकी म्हणाली. "काहील तर धुऊन पालथी घातली. आता पेटीला लिहायला काही उरलं नाही."

"पेटीला कोण म्हणतंय?" सर्जेराव म्हणाले, आणि झपाझपा हौदाकडं चालायला लागले.

केतकीनं पेटी बंद करायला पुढं केलेला हात मागं घेतला आणि तिला लिहू दिलं.